विमलवहिनी आणि टोल्याची लाईन

"मशीन बंद केली," एवढंच दिवाकरदादा फोनवर म्हणाला. सकाळची वेळ होती. बिरसीच्या विमानतळावरून उडालेलं शिकाऊ विमान गोंदियात आमच्या फुलचूरवरून वळत होतं, त्याच्या आवाजात मला नीट ऐकू आलं नाही, म्हणून मी पुन्हा विचारलं. त्याने तेच वाक्य पुन्हा सांगितलं आणि थोडं थांबून म्हणाला, "तू ये." माझ्या या चुलतभावाच्या घरी बंद करण्यासारखी एकच मशीन होती. हवेतला प्राणवायू वेगळा करून नळीने नाकात सोडणारी, विजेवर चालणारी, खाटेशेजारी ठेवलेली. दिवाळीनंतर विमलवहिनींना गोंदियाच्या दवाखान्यातून घरी आणलं, तेव्हापासून ती चालू होती. ती बंद केली, म्हणजे वहिनी गेल्या.

आमगाव मागे टाकून रेल्वेचे रूळ सोडले की आमच्या गावाचा रस्ता लागतो. मी पोचलो तेव्हा अंगणात माणसं जमली होती. दादाचे वडील, म्हणजे माझे मोठेबाबा, ओट्यावर भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी मला ये म्हटलं नाही, बस म्हटलं नाही. एकच विचारलं, "लाईट होती का रे तेव्हा?" मी गोंदियाहून आलेला, मला ते कसं ठाऊक असणार? आतून दादा म्हणाला, "होती, बाबा. पूर्ण होती." त्यांनी मान हलवली. थोड्या वेळाने वहिनींचा भाऊ आमगावहून आला, तर त्यालाही त्यांनी तेच विचारलं... दिवसभरात जो येईल त्याला ते हेच विचारत राहिले. हा प्रश्न त्यांच्या तोंडी का होता, हे सांगायचं तर बरंच मागे जावं लागेल.

वहिनी आमगावच्या. वडिलांचं बाजारात किराणा दुकान होतं. लग्न होऊन त्या आमच्या कोहळी, म्हणजे तलाव बांधणाऱ्यांच्या घरात आल्या, तेव्हा घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाशी त्यांची ओळख करून देण्यात आली, ती तलावाशी. नवी सून आली की तिला आधी पारीवर नेऊन तलावाला हळद-कुंकू वाहायला लावतात. तलाव आमच्या पूर्वजांनी बांधला असं घरात सांगतात. नेमका कोणत्या पूर्वजाने, यावर मात्र एकमत नाही. तलावाची पार, म्हणजे पाणी अडवणारा मातीचा लांब बांध, मोठेबाबांनी आयुष्यभर राखली. तिच्यावर बैल चढू दिला नाही, झाड मोठं होऊ दिलं नाही, कुणाला एक घमेलं माती काढू दिली नाही. गावाचं पाणीवाटपही तेच पाहत. तलावाच्या या अंगाला आमचं गाव आणि पलीकडच्या अंगाला टोला, म्हणजे गावाचीच वेगळी वस्ती. टोल्यात गोंडांची घरं. पारीवरून चालत गेलं तर टोला अगदी समोर. पण वहिनी सरपंच होईपर्यंत आमच्या घरातल्या बायांपैकी कुणी तिथे गेल्याचं मला आठवत नाही.

सरपंचपद बाईसाठी राखीव झालं आणि गावाने वहिनींचं नाव काढलं. पहिल्या-पहिल्यांदा तालुक्याचा माणूस आला की दादाला नमस्कार करून "बोला, सरपंचसाहेब," म्हणायचा. वहिनी आतून ओरडायच्या, "ते बैल बांधून राहिले. सरपंच इकडं पोळ्या लाटून राहिली, या!" पहिल्या ग्रामसभेला टोल्यातली एकही बाई आली नाही. वहिनी कारण विचारायला पारीवरून चालत टोल्यात गेल्या. त्यांच्यासोबत मीही होतो. तेव्हा मी गोंदियाच्या एका वर्तमानपत्रात नव्याने लागलो होतो आणि सुटीला गावी आलो होतो. तिथल्या फुलवंताबाईंच्या अंगणात एका खाटेवर सौरऊर्जेची काळी प्लेट आडवी टाकलेली होती, आणि तिच्यावर मोहफुलं पसरलेली होती.

"हे का होय वो?" वहिनींनी विचारलं.

"लाईट होय जी. सरकारनं देल्ली."

"मंग मोह कायले टाकले तिच्यावर?"

"ब्याटरी मेली तिची. आता नुसती तापते. मोह मस्त वाळते," फुलवंताबाई म्हणाल्या. "खाली जमिनीवर टाकलं तं माती लागते."

घरोघर हेच होतं. प्लेटा येऊन काही वर्षं झाली होती, बॅटऱ्या एकेक करून संपल्या होत्या, त्या बदलायला कुणी आलं नव्हतं. पण प्लेटा वाटल्या तेव्हाच टोला दप्तरी 'विद्युतीकरण झालेला' म्हणून लागला होता. त्यामुळे खांब टाकून लाईन न्यायची मागणी गेली की वरून उत्तर येई, टोल्यात वीज आहेच. वहिनी तालुक्याच्या कार्यालयात गेल्या तेव्हा त्यांनाही हेच ऐकवलं गेलं. त्यांनी पिशवीतून मूठभर वाळलेली मोहफुलं काढून टेबलावर ठेवली. "घ्या साहेब. तुमच्या लाईटवर वाळवलेले हायेत." साहेब भला माणूस होता. तो आधी हसला, मग पाहणीला माणूस पाठवतो म्हणाला. त्याने खरोखर पाठवला.

वहिनींचा हट्ट नुसत्या दिव्याचा नव्हता. त्यांना टोल्यात धान भरडायची मशीन चालेल अशी तीन फेजची लाईन हवी होती. टोल्यातल्या बाया ग्रामसभेला का आल्या नव्हत्या, ते त्यांना त्या दिवशी कळलं होतं. ग्रामसभेचा दिवस हाच त्यांचा भरडाईला जायचा दिवस होता. धानाचं गाठोडं डोक्यावर घेऊन पारीवरून गावात यायचं, तिथून मिळेल त्या टेम्पोने आमगावच्या मिलवर, तिथे नंबर लागेपर्यंत बसायचं, आणि तांदूळ घेऊन दिवस मावळता परत. कोंडा आणि कनकी, म्हणजे तुकडा तांदूळ, मिलवाल्याकडेच राहायची. ती परत आणायला डोक्यावर जागा कुठे होती? वहिनी दुकानदाराच्या लेक. त्यांनी हिशेब केला तो असा, की कोंडा टोल्यात राहिला तर कोंबड्या राहतील, म्हशी राहतील, आणि बाईचा अख्खा दिवस राहील. मला त्या म्हणाल्या, "भाऊजी, बल्बनं अंधार जाते. मोटरीनं गरिबी हलते. मले हलवाची हाये." मी नंतर याविषयी बरंच वाचलं, परिषदांच्या बातम्याही दिल्या. त्यातलं बहुतेक या तीन वाक्यांत मावत होतं.

लाईन मंजूर झाली आणि मग आमच्या घरात भांडण पेटलं. ठेकेदार गोंदियाचा होता. त्याने पारीवर उभं राहून टोल्याकडे हात केला. "भाभीजी, यहीं पार के ऊपर से सीधा निकाल लेंगे. टोला सामने दिख रहा है. घूम के जाने का मतलब ही नहीं." वहिनींनाही तेच सोपं वाटत होतं. मोठेबाबा काठी टेकत आले आणि म्हणाले, "पारीत खड्डा नाई पडन." ठेकेदाराने सांगितलं, खड्ड्यात सिमेंट भरू, दगडासारखं होईल, दुसऱ्या तलावांवर खांब आहेत, काही झालं नाही. मोठेबाबांनी ऐकून घेतलं आणि तेच वाक्य पुन्हा म्हटलं. धोका खरोखर होता का, हे मला आजही सांगता येणार नाही. ठेकेदाराच्या मते नव्हता, मोठेबाबांच्या मते होता, आणि कोण बरोबर हे पाहण्याची वेळ आली नाही.

ते दिवस घरात फार वाईट गेले. सासरा-सून एकमेकांशी बोलायचे ते दादामार्फत. एकदा जेवताना मोठेबाबा भिंतीला उद्देशून म्हणाले, "आमगाववालीले तलाव दिसत नाई. खांबच दिसते." वहिनी वाढता वाढता थांबल्या. "दिसते जी मामाजी. उजेडी दिसते. अंधारात टोलाबी दिसत नाई आन् तलावबी दिसत नाई." दादाने भाताचा घास हातातच धरून ठेवला. मग वहिनींनी मोठेबाबांच्या ताटात वरण वाढलं आणि त्यांनी ते नको म्हटलं नाही.

पुढे काही दिवसांनी मोठेबाबा सकाळी पळसाच्या खुंट्यांचा भारा काखेत घेऊन निघाले. दाराशी येऊन म्हणाले, "सरपंचबाईले म्हणा, चाल." वहिनी तशाच पदर खोचून निघाल्या. तलावाला वळसा घालून, आमच्याच शेतांच्या धुऱ्यांवरून, म्हणजे बांधांवरून, ते चालत गेले आणि जिथे खांब येईल तिथे एकेक खुंटी ठोकत गेले. एक खुंटी आमच्या सगळ्यात चांगल्या बांधीच्या, म्हणजे धानाच्या खाचराच्या मधोमध आली. तीही त्यांनी स्वतःच ठोकली. ठेकेदार मागून चालत होता. तो म्हणाला, "बाबाजी, लंबा पड़ेगा. तार लंबा, तो आखिर में करंट भी ढीला आएगा." मोठेबाबांनी मागे न पाहता उत्तर दिलं, "ढीला येऊ दे. येते ना?" वहिनी हसल्या. बऱ्याच दिवसांनी घरातलं कुणी हसलं होतं.

लाईन आली. तीन फेजची, वळसा घालून, पण आली. पहिले काही दिवस टोल्यात भर दुपारीही सगळे बल्ब चालू असायचे. वहिनींनी विचारलं तर फुलवंताबाई म्हणाल्या, "बटन बंद केला आन् त्याहिले वाटलं का आमाले नाई लागत, तं लाईन काढून नेतीन ना जी." सौर प्लेटांनी ही भीती त्यांना शिकवली होती, आलेलं सरकारी काम टिकत नाही, एवढाच त्यांचा अनुभव होता. वहिनींनी घरोघर जाऊन स्वतःच्या हाताने बटनं बंद केली आणि पुन्हा चालू करून दाखवली. त्यानंतर बायांच्या गटाने भरडाईची लहान मशीन घेतली. ती टोल्याच्या कडेला, पारीच्या पायथ्याशी एका छपरात बसवली. कोंडा टोल्यात राहू लागला. कोंबड्या आल्या, काही घरी म्हशी आल्या, आणि ग्रामसभेला टोल्यातल्या बाया इतक्या येऊ लागल्या की आमच्या गावातली पुरुष मंडळी कुरकुर करू लागली.

दादाने पुढे मधोमध खांब आलेल्या त्या बांधीच्याच कडेला नवं घर बांधलं आणि वीज टोल्याच्याच लाईनवरून घेतली. वहिनींचं सरपंचपद संपलं. गॅसची शेगडीही घरात आली, पण ती चहाला आणि पाहुण्यांना. वर्षाचा उकडा तांदूळ घरीच करायची आमच्याकडची रीत. त्यासाठी मोठ्या गंजात, म्हणजे पातेल्यात, धान उकडायचं, तेही मागच्या पडवीत, लाकडं आणि धानाचा भुसा जाळून. हे काम लग्न झाल्यापासून वहिनींचं होतं आणि त्यांनी ते कुणाला दिलं नाही. खोकला होताच, तो आता दम लागण्यापर्यंत गेला. गोंदियात डॉक्टरांनी छातीचा फोटो पाहून विचारलं, "बिडी ओढता का?" वहिनींनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांना हसू आलं, त्या हसण्यानेच खोकल्याची उबळ आली. टोल्याच्या बायांचा दिवस वाचवणाऱ्या बाईला स्वतःच्या पडवीतल्या धुराचा हिशेब करावासा वाटला नव्हता. आम्हालाही वाटला नव्हता. त्या धुरात शिजलेला भात आम्ही सगळेच सुटीत जाऊन जेवत होतो.

मशीन घेऊन त्या घरी आल्या तेव्हा नव्या धानाचा हंगाम होता. टोल्याची भरडाई जोरात, आणि उन्हाळी धानाच्या तयारीला शेतांवरच्या मोटारीही सुरू. वहिनींच्या खोलीत जुन्या पद्धतीचा पिवळा बल्ब होता. तो त्यांनी मुद्दाम ठेवून घेतला. नव्या बल्बला विजेचा दाब कमी झालेला कळत नाही, हा लगेच सांगतो, असं त्यांचं म्हणणं. पडल्या-पडल्या त्या बल्बकडे पाहून ओळखायच्या, "आता फुलवंताची मशीन लागली." आधी त्यांना त्याची गंमत वाटे. मग एके दिवशी बल्ब इतका खाली गेला की खाटेशेजारची मशीन ओरडू लागली. स्टॅबिलायझर लावलेला होता, तोही पुरला नाही. दादाने धावत जाऊन अडीअडचणीला ठेवलेल्या प्राणवायूच्या सिलिंडरची नळी जोडली. तेवढ्यात वहिनींचे ओठ काळे-निळे झाले होते. मोठेबाबा दारात उभे होते. वहिनींचा श्वास ताळ्यावर आला, तसं ते हळूच म्हणाले, "तार लांब कोणं केली?" उत्तर त्यांना माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी टोल्याची मशीन वाजलीच नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. वहिनींनी विचारलं, तर दादा म्हणाला, बिघडली असेल. "बिघडली असती तं फुलवंता आतापर्यंत शिव्या देत इथं आली असती," त्या म्हणाल्या आणि तिला बोलावणं पाठवलं. मी त्या दिवशी तिथेच होतो.

"काऊन बंद ठेवली वो मशीन?"

"आराम देऊन राहिलो तिले," फुलवंताबाई दाराच्या चौकटीला धरून म्हणाल्या.

"मशीनले आराम?"

"तुमाले लागते, तिले नाई लागत का?"

"माह्यासाठी बंद ठेवाची होती तं लाईन आणली कायले? बाया पुन्हा डोक्यावर धान घेऊन आमगावले जातीन का?" वहिनींनी नाकातली नळी काढून हातात घेतली. "लावते का नाई मशीन? नाई तं हे अशीच ठेवीन."

फुलवंताबाई आत आल्या, नळी त्यांच्या हातातून घेतली आणि दोन्ही कानांवरून नीट लावून दिली. "आधी हे लावा. मंग भांडू."

त्या भांडल्याही. पण दोघींपैकी कुणी हटेना. टोल्याची भरडाई बंद राहिली तर हंगाम जातो, आणि चालू राहिली तर वहिनींचा श्वास जातो. मध्ये काही दिसत नव्हतं. मोठेबाबा हे सगळं बाहेर बसून ऐकत होते. ते उठले, काठी घेतली आणि पारीवरून टोल्याकडे चालू लागले. मी मागोमाग गेलो. मशीनच्या छपराखाली त्यांनी टोल्यातल्या बायांना आणि लाईनवर मोटारी असलेल्या शेतकऱ्यांना गोळा केलं. म्हणाले, तलाव अर्धाच भरला की आपण पाण्याची पाळी लावतो, तशी आता करंटाची लावू. आमच्याकडे पाळीचा नियम साधा आहे. ज्याची पाळी, त्याने स्वतः आपल्या बांधीच्या तोंडाशी, पाणी आत शिरतं तिथे, हजर राहायचं; हजर नसेल तर पाणी पुढच्याचं. बाकीच्यांनी आपापली तोंडं बांधून ठेवायची आणि जवळ उभं राहून राखायची. एक शेतकरी, ज्याची मोटार सगळ्यात मोठी होती, हसून म्हणाला, "आता करंटालेबी पाळी का बाबाजी? घागरीत भरून नेता का?"

"घागरीत नेता आला असता, तं तुह्या दारात पाळी मागाले कायले आलो असतो?" मोठेबाबा म्हणाले.

आयुष्यभर पाळ्या वाटणाऱ्या मोठेबाबांना पाळी मागताना कुणी पाहिलं नव्हतं. मग तिथल्या तिथे वाटप झालं. दुपारपासून टोल्याची मशीन, त्यानंतर शेताच्या मोटारी, आणि सकाळची पाळी वहिनींची, कारण झोपेतून उठल्यावर त्यांना सगळ्यात जास्त धाप लागायची. इतर वेळी दाब खाली गेलाच तर सिलिंडर. वहिनींनी हे कुरकुरत मान्य केलं. पण दम बरा असेल त्या सकाळी त्या दादाला टोल्यात पिटाळत, "जा, सांगा, लावा म्हणा. आज उरलेली पाळी तुमाले देल्ली." आणि मग बल्ब पिवळा पडलेला पाहत स्वस्थ पडून राहत.

त्यांची-माझी शेवटची भेट होळीच्या आधीची. तलावातले शिंगाडे कुणीतरी उकडून आणले होते. मी सोलत होतो आणि त्या खात होत्या, अगदी सावकाश, एकेक. "भाऊजी, तुमच्या पेपरात दाब कमी असल्याचं येते का?"

"येतं कधी कधी."

"छापल्यानं वाढते का?"

"नाही."

"तं मंग शिंगाडे सोला," त्या म्हणाल्या. आणि थोड्या वेळाने, दम घेऊन... "मामाजीले म्हणा, जेवा. जेवत नाईत बरोबर. त्याहिले वाटते मी त्याहिच्या तारेनं दमली. त्याहिची तार नसती तं टोला अजून प्लेटीवर मोह वाळवत बसला असता." मी म्हटलं, तुम्हीच सांगा. "मी सांगतलं. त्याहिले माह्यं खरं वाटत नाई," त्या म्हणाल्या.

त्या गेल्या त्या त्यांच्याच पाळीत. सकाळी, चहाचा कप हातात असताना. डॉक्टरांनी नंतर दादाला सांगितलं, की फुफ्फुसंच थकली होती, तारेचा यात काही संबंध नाही. दादाने ते मोठेबाबांना सांगितलं, मीही सांगितलं. ते ऐकून घेत, आणि पुढच्या माणसाला विचारत, "लाईट होती का तेव्हा?"

तेरवी झाल्यावर काही दिवसांनी मी पुन्हा गेलो. मशीन भाड्याची होती; ती मीच गोंदियाला परत नेऊन दिली होती. खोलीत खाट होती, तिच्यावर घडी केलेली गोधडी. सकाळचं ऊन दारातून आत आलेलं असतानाही बल्ब चालू होता, पूर्ण दाबाने, आणि त्याच्या खाली मोठेबाबा खुर्चीवर बसले होते. दादा म्हणाला, रोज बसतात. वहिनींच्या पाळीच्या वेळी येतात, बटन लावतात, पाळी संपली की बटन बंद करून उठतात. टोल्याची मशीन अजूनही दुपारपर्यंत बंदच असते, कारण सकाळची पाळी कुणी सोडलेली नाही.

मी बसलो असतानाच फुलवंताबाई आल्या. दारातच उभ्या राहिल्या. "बाबाजी, लग्नसराई आली जी. धान पडून हाये. सकाळची पाळी आता आमाले देता का?"

"पाळीवर माणूस हजर हाये," मोठेबाबा म्हणाले. "मी बसलो हावो ना?"

फुलवंताबाईंनी वाद घातला नाही. त्या उंबरठ्यावर बसल्या, पदराने तोंड पुसलं. मोठेबाबांनी त्यांच्याकडे पाहिलं, आणि ज्याला-त्याला विचारत आलेला प्रश्न पहिल्यांदाच, ज्या माणसाला विचारायला हवा होता, त्याला विचारला. "त्या दिवशी सकाळी तुही मशीन लागली होती?"

"नाई जी. मी बटनाजवळच उभी होती. तिची पाळी होती ना."

"मोटारी?"

"एकबी नाई. मले तिथून सगळे दिसते. आपापल्या बटनाजवळ उभे होते सारे."

"सारे?"

"सारे जी. मोठा मोटारवालाबी. ती गेल्याचा फोन आला तरी कोणी हाललं नाई. वाटलं, तिची पाळी तं संपू देवा."

मोठेबाबांनी बल्बकडे पाहिलं. मग ते म्हणाले, "जाय. लाव."

फुलवंताबाई पारीवरून टोल्याकडे जाताना दारातून दिसत होत्या. त्या छपरात शिरल्या. आधी पाण्यावरून मशीनचा आवाज आला, मग खोलीतला बल्ब एकदा लवलवला आणि पिवळा पडला. मोठेबाबा उठले नाहीत. दादा सांगतो, आता रोज असंच असतं. सकाळी टोल्याची मशीन चालते, आणि सुनेच्या खोलीत त्या पिवळ्या उजेडात मोठेबाबा पाळी संपेपर्यंत बसून राहतात.